माया किती ठेवावी? : कर्तनाच्या मराठी पुस्तकांची भाषा

शिवण आणि कर्तन यांवरील पुस्तके समीक्षेचा विषय होऊ शकतात, हे विधान या पत्रिकेच्या वाचकांना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या गद्याचा अर्थ वाचकाच्या मनात नव्हे, तर त्याच्या हातातील कापडावर सिद्ध होतो, त्या गद्याची परीक्षा साहित्यिक गद्यापेक्षा अधिक कठोर असते. कवितेचा अर्थ चुकला तर फार तर वाद होतो. येथे अर्थ चुकला तर कापड वाया जाते. मालिनोव्हस्की याने ट्रोब्रियंड बेटांवरील शेतीविषयीच्या आपल्या १९३५ मधील ग्रंथाचा दुसरा खंड मुख्यतः शेतीच्या भाषेला वाहिला होता. कामात गुंतलेल्या भाषेचा अर्थ त्या कामावाचून सांगता येत नाही, हे त्याचे प्रतिपादन आपण वर्गात शिकवतो. ते घरच्या शिवणयंत्रापर्यंत आणून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ एका क्रियापदापासून करणे सोयीचे होईल. कापडातून अंगाच्या मापाने वस्त्राचे भाग कापण्यास मराठीत 'बेतणे' म्हणतात. हिंदीतील 'ब्योंतना' हे त्याचे भावंड. नुसते कापणे आणि बेतणे यांत मोठे अंतर आहे. कापणे हातातील कात्रीचे काम. बेतणे हे कात्री लावण्यापूर्वीच पुरे झालेले असते. 'बेत' या नामात योजना आणि कापणी एकत्र नांदतात, म्हणूनच आपण प्रवासाचा बेत करतो आणि पुरणपोळीचाही. 'जिवावर बेतणे' या प्रयोगात तर प्रसंग जणू माणसाच्या जिवाचेच माप घेऊन कापला जातो, असे मला वाटते. असे समर्थ क्रियापद हाताशी असता कर्तनाच्या पुस्तकांनी ते जवळजवळ टाकून दिले आणि 'आरेखन करणे', 'आकृती काढणे', 'ड्राफ्टिंग करणे' अशी जोडक्रियापदे स्वीकारली. बदल केवळ शब्दाचा नाही. 'बेतणे' याला कर्म म्हणून चोळी लागते, परकर लागतो, झबले लागते. 'आरेखन' कोणत्याही रेषेचे होऊ शकते.

या पुस्तकांवर भाषेचा किती भार आहे हे समजण्यासाठी पश्चिमेकडील इतिहासाकडे एकवार पाहणे अवश्य आहे. हुआन दे अल्सेगा याचे कर्तनाचे पुस्तक १५८० मध्ये माद्रिद येथे निघाले. त्यातील मुख्य प्रश्न काटकसरीचा आहे: अमुक पन्ह्याच्या कापडावर वस्त्राचे भाग कसे मांडले असता कमीत कमी कापड लागेल. तो ग्रंथ शिंप्यांसाठी होता. घरी शिवणाऱ्या स्त्रीसाठी लंडनमध्ये १८३८ साली 'वर्कवुमन्स गाइड' निघाले. पुढे अमेरिकेत एबनेझर बटरिक याने १८६३ पासून निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकण्यास आरंभ केला, आणि चित्र पालटले. तोपर्यंत छापील नमुना बहुधा एकाच मापाचा मिळे, आणि तो स्वतःच्या अंगाबरोबर लहानमोठा करण्याचे काम स्त्रीवर पडे. बटरिकच्या पाकिटाने ते काम पुष्कळसे वाचवले. त्या पातळ कागदांवर बराच काळ काहीही छापलेले नसे; भोके आणि खाचा यांवरून जोड ओळखावे लागत. छापील रेषांचे नमुने १९२० च्या सुमारास आले. तात्पर्य, पाश्चात्त्य गृहिणीच्या हाती आकार तयार येत होता. भाषेला फक्त त्या आकाराची टीप लिहावयाची होती.

आपल्याकडे असे पाकीट घरोघर पोचले नाही. साडीला कात्री लागत नाही, आणि चोळी वा ब्लाउज ज्याच्या त्याच्या अंगाचे शिवून घेण्याची रीत होती व आहे. म्हणून घरी शिवू पाहणाऱ्या मराठी स्त्रीला तयार आकार न मिळता आकार काढण्याची कृती मिळाली. तिने दर खेपेस माप घ्यावयाचे, घडी घातलेल्या खाकी कागदावर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर बिंदू मांडावयाचे, ते जोडावयाचे आणि मग कापड कापावयाचे. म्हणजे तिच्या पुस्तकातील वाक्ये आकाराची टीप नसतात. ती वाक्येच आकार असतात. एक वाक्य संदिग्ध राहिले की मुंढा चुकतो.

आता या वाक्यांची घडण पाहू. नमुन्यादाखल एक मीच रचून देते. त्या प्रकारची वाक्ये कोणत्याही पुस्तकात भेटतील. 'अ ते ब = छातीचा चौथा भाग + दीड इंच. अ ते क = छातीचा बारावा भाग.' येथे क्रियापद नाही, कर्ता नाही, शरीर तर नाहीच. आहे ती फक्त छातीची गोलाई, आणि तिच्यापासून निपजणारे इतर सर्व अवयव. भूमितीच्या तासाला 'अ, ब, क, ड' यांशी परिचय झालेल्या मुलीला ही मांडणी अनोळखी नसते, हे तिचे एक श्रेयच आहे. तिच्या आटोपशीरपणाचेही कौतुक केले पाहिजे. पण समीकरणाच्या रूपात आलेल्या विधानाला एक अधिकार आपोआप प्राप्त होतो, आणि तो त्याने कमावलेला असतोच असे नाही. छाती ३२ इंच असता तिचा बारावा भाग पावणेतीन इंचांहून किंचित कमी येतो, आणि घडीच्या कागदावर अर्ध्या गळ्याची ती रुंदी ठीक असते. छाती ४२ इंच झाली की तोच भाग साडेतीन इंच होतो. घडी उलगडल्यावर गळा पहिल्यापेक्षा सुमारे एक इंच आणि दोन-तृतीयांश इतका रुंद होतो. परंतु छाती भरली म्हणून मानेची आणि खांद्याची हाडे त्या प्रमाणात रुंदावत नाहीत. परिणामी स्थूल स्त्रीचा ब्लाउज खांद्यावरून उतरतो, आणि ती बिचारी आपल्याच अंगाला दोष देते. सूत्र मध्यम मापांपुरते खरे आहे, ही मर्यादा वाक्यरचनेत कोठेही उमटत नाही. मराठीत 'बहुधा', 'साधारणतः', 'प्रायः' असे शब्द काय थोडे आहेत?

याहून गंभीर दोष त्या '+ दीड इंच' मध्ये दडला आहे. हा दीड इंच कशासाठी? त्यात दोन अगदी भिन्न गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिली, अंग आणि वस्त्र यांमधील मोकळीक, जिच्यावाचून श्वास घेता येणार नाही व हात उचलता येणार नाही. ही शिवलेल्या वस्त्रात बाहेरून जाणवते. दुसरी, टिपेच्या आत दुमडून राहणारे कापड, जे बाहेरून दिसतच नाही. छाती ३२ असता चौथा भाग ८, त्यात दीड मिळवून साडेनऊ; चारही भाग मिळून ३८. वाढलेल्या ६ इंचांपैकी दर कडेला एक इंच टिपेच्या आत गेला, तर ४ इंच लपले आणि २ इंच मोकळीक राहिली. पण टीप कडेपासून अर्ध्या इंचावर मारली तर तोच ब्लाउज ४ इंच सैल होतो. पुस्तकाने बेरीज दिली, तिचे दोन घटक दिले नाहीत. केवळ पहिल्यांदा शिवणारीला हे चालून जाईल. ज्या क्षणी वस्त्र अंगाला होत नाही आणि त्यात फेरफार करण्याची वेळ येते, त्या क्षणी ही बेरीज उलगडता न येणे हेच संकट होते.

दुसऱ्या घटकाला मराठीत नाव नाही काय? आहे, आणि फार सुंदर आहे. शिवणाऱ्या बायका त्याला 'माया' म्हणतात. 'बाजूला माया ठेव', 'आत माया आहे, उसवून वाढवता येईल' ही वाक्ये ज्या घरात शिवणयंत्र आहे त्या घरात ऐकू येतात. या शब्दाच्या बाबतीत माझ्याकडून झालेला एक अपराध येथे नमूद करणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी एका शिवणवर्गाच्या हस्तपुस्तिकेचे मराठी तपासून देण्याचे काम मजकडे आले. वर्गातील बहुतेक स्त्रिया सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या होत्या. मसुद्यात जागोजाग 'माया' आले होते. हा शब्द बोलीतला, शिवाय अनेकार्थी. पुस्तिकेच्या परिभाषेत एका शब्दाला एकच अर्थ असावा, या आपल्या शास्त्रातील शिस्तीने मी तो सर्वत्र खोडला आणि त्या ठिकाणी 'शिवणीकरिता जादा कापड' असे लिहिले. प्रारंभीच्या सूचनांत 'शिवणीकरिता जादा कापड पाव इंच घ्यावे' असे वाक्य होते, ते गळ्याविषयी होते. पूर्वी पुढे 'बाजूला माया ठेवावी' असे निराळे वाक्य येई. माझ्या दुरुस्तीनंतर दोन्ही ठिकाणी एकच शब्दसमूह झाला, आणि वाचणारणींनी तर्कशुद्धपणे दोन्हीकडे पाव इंचच घेतला. मुलींचे फ्रॉक शिवून झाले. शाळा उघडेपर्यंत त्यांतील काही आखूड आणि तंग झाले. उसवून पाहिले तर आत सोडण्यासारखे काही नव्हते. वर्गाच्या शिक्षिकेने मला ते सांगितले ते रागाने नव्हे. 'बाई, तुम्ही माया काढून टाकलीत ना,' एवढेच त्या म्हणाल्या.

परिभाषेच्या दृष्टीने माझे काय चुकले होते हे समजण्यास मला वेळ लागला. 'जादा कापड' हे परिमाण आहे. 'माया' हे परिमाण नव्हे, तो हेतू आहे. गळ्याला आणि मुंढ्याला माया ठेवीत नाहीत, कारण वाकड्या कडेला दाट कापड राहिले की ती ओढली जाते, तिला काप द्यावे लागतात. बाजूला आणि परकराच्या वा फ्रॉकच्या घेरावर, खाली, माया ठेवतात, कारण तेथूनच वस्त्र वाढते. वाढत्या मुलीच्या फ्रॉकला अधिक, सुती कापड धुतल्यावर आटते म्हणून त्याला अधिक, पन्हा पुरत नसेल तेथे नाइलाजाने कमी. हे सारे नियम त्या एका शब्दाच्या वापरात गोठलेले होते. मी अनेकार्थता काढली असे मला वाटले. वस्तुतः मी भविष्यकाळ काढला. माया म्हणजे पुढे होणाऱ्या फेरफाराची आजच केलेली सोय.

येथून फेरफाराच्या भाषेकडे वळता येते. माझ्या मते या पुस्तकांचे खरे दारिद्र्य तेथे आहे. नवे वस्त्र करण्याची भाषा नामांची आहे: आरेखन, कर्तन, मुंढाखोली, छातीरेषा, कंबररेषा. झालेल्या वस्त्रात बदल करण्याची भाषा मात्र क्रियापदांची, आणि तीही साध्यातल्या साध्या क्रियापदांची आहे: घेणे, सोडणे, धरणे, उतरवणे, आवळणे, उसवणे. 'कमरेत अर्धा इंच घेतला', 'बाजूला पाव सोडला', 'खांदा धरला' या वाक्यांत कर्म गृहीत असते, दिशा गृहीत असते, कोणती टीप उसवावयाची हेही गृहीत असते. आणि तरी ऐकणारीचा गोंधळ होत नाही. तक्रारीची भाषा याहून विलक्षण आहे. तेथे वस्त्र स्वतः कर्ता होते, आणि क्रियापदे बहुतेक अकर्मक असतात. ब्लाउज मुंढ्यात काचतो, पुढून वर चढतो, खांद्यावरून उतरतो. गळा उभा राहतो. जाणती शिवणारी हे क्रियापद ऐकूनच दोषाचे स्थान ओळखते, जसा वैद्य 'दुखते' आणि 'ठणकते' यांत भेद करतो. ही पद्धतशीर लक्षणभाषा आहे. तिच्यावर एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधिका लिहिली तर तिचे स्वागत होईल. पुस्तकांनी तिची दखल घेतली नाही.

पुस्तकांत फेरफाराचे प्रकरण असते, नाही असे नाही. पण तेथे एक शब्द वारंवार भेटतो: 'आवश्यकतेनुसार'. 'पुढील भाग आवश्यकतेनुसार वाढवावा.' विध्यर्थ आहे, म्हणजे आज्ञेची मृदू शिस्त आहे. पण आवश्यकता कोणती, ती कशावरून ओळखावी, याचा पत्ता नाही. पाककृतीतील 'चवीपुरते मीठ' याची थट्टा होते, पण तो प्रयोग अधिक प्रामाणिक आहे, कारण त्याने परीक्षेचे साधन, चव, सांगून ठेवले आहे. 'आवश्यकतेनुसार' याने काहीच सांगितलेले नसते.

दोन स्त्रिया घ्या, दोघींची छाती ३६. सूत्राने दोघींना एकच ब्लाउज मिळेल. पण पहिलीचा पाठीचा पन्हा रुंद आहे, दुसरीचा भर पुढे आहे. पहिली फळीवरचा डबा काढण्यास हात उचलते आणि मुंढा पाठीमागून काचतो. तिला मागील भाग हवा आहे. दुसरीचा ब्लाउज पुढून वर चढतो आणि बगलेतून छातीच्या टोकाकडे तिरप्या सुरकुत्या जातात. त्या सुरकुत्या जिकडे बोट दाखवतात तेथे कापड कमी आहे. नुसती बाजू सोडून हा दोष जात नाही, कारण तेथे रुंदी नव्हे, खोली कमी पडते. यावर उपाय कागदावर करावयाचा असतो: पुढच्या भागाच्या कागदाला खालच्या कडेपासून छातीच्या टोकापर्यंत आणि तेथून मुंढ्याकडे, कड न तोडता, काप द्यावा, एक काप बाजूच्या कडेकडूनही टोकापर्यंत आणावा, मग कागद टोकाजवळ अर्धा इंच उघडावा आणि खाली दुसरा कागद चिकटवावा. टोकाशी रुंदी वाढते, लांबीही वाढते, खालचा टक्स तितका खोल होतो, आणि गळा व खांदा जागच्या जागी राहतात. हे सर्व मराठीत सांगता येते, आत्ता सांगितलेच. 'आवश्यकतेनुसार' हा शब्द मराठीच्या असमर्थतेमुळे आलेला नाही. लिहिणाराने डोळ्यांपुढे शरीर आणले नाही म्हणून तो आला.

'टक्स' या शब्दावर जाता जाता एक टीप. इंग्रजीत हा शब्द अनेकवचनी आहे आणि त्याचा अर्थ समांतर दुमडी असा होतो; ज्या टोकदार चिमटीला आपण टक्स म्हणतो तिला इंग्रजीत वेगळे नाव आहे. मराठीने अनेकवचनाचा प्रत्यय मुळातच जिरवून 'एक टक्स, चार टक्स' असे चालवले, आणि अर्थही आपल्या सोयीने वळवला. शुद्धतावाद्यांनी येथे हस्तक्षेप करू नये. तसेच मापांचे. मापांचा कायदा १९५६ चा. १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आली. कापड मीटरने विकले जाते, पण अंग आजही इंचांनीच मोजले जाते. याला सवय हे कारण देतात. मला भाषाही कारण वाटते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही आपली अपूर्णांकांची नामे इंचाच्या विभागणीला चपखल बसतात. 'पाऊण इंच धर' हे तोंडात बसते. 'एक पूर्णांक नऊ दशांश सेंटिमीटर धर' असे कोणीही, कोणत्याही कायद्याखाली, म्हणणार नाही.

पुस्तकांतील आणखी एका शब्दाविषयी मात्र मला कठोर व्हावे लागते. जुन्या इंग्रजी कर्तनग्रंथांत सूत्रात न बसणाऱ्या अंगांना दोषयुक्त किंवा असाधारण म्हणण्याची पद्धत होती: पोक असलेले, फार ताठ, स्थूल. माझ्या वाचनातील काही मराठी पुस्तिकांत 'शारीरिक दोष' हा शब्द त्याच वाटेने आला आहे. एक खांदा किंचित खाली असणे हा दोष? दोन मुलांनंतर पोट सुटणे हा दोष? सूत्र हे मध्यम अंगांवरून केलेले अनुमान आहे. त्याला नियम मानून अंगाला अपवाद ठरवणे ही व्याकरणकारांची जुनी खोड आहे, आणि ती आपल्याला परिचित असावी. बोली नियमाबाहेर गेली की आपणही तिला अशुद्ध म्हणत होतो.

या सर्वाचा अर्थ, पुस्तके नकोत आणि मावशीकडून शिकावे, असा कोणी काढू नये. जिला मावशी नाही तिचे काय? झारापकरांच्या कर्तनपद्धतीसारख्या पुस्तकांमुळे शिंप्याच्या दुकानाबाहेर ही विद्या आली, आणि एकट्या पडलेल्या किती स्त्रियांनी तिच्यावर संसार चालवला असेल याची कल्पना करता येते. मौखिक परंपराही सर्वस्वी निर्दोष नाही. शिंप्याकडे 'मापाचा ब्लाउज' देण्याची आपली पद्धत पाहा. ते संख्यांवाचूनचे माप आहे, त्यात मोकळीक, माया, खांद्याचा उतार सारे उतरलेले असते. पण त्यात जुने दोषही उतरतात, आणि दहा वर्षांपूर्वीचे अंग नव्या ब्लाउजात शिवले जाते. आकार का असा आहे हे मापाचा ब्लाउज सांगू शकत नाही. ते सांगणे हेच पुस्तकाचे काम होते.

माझी एक मावशी शिवणावर घर चालवीत असे. तिचे कागदी बेत, बहुतेक वर्तमानपत्रांचे, एका पत्र्याच्या पेटीत गुंडाळून ठेवलेले मला तिच्या मागे मिळाले. तिने कर्तनाचे पुस्तक वापरले होते. कडेला 'छाती भाग ४' असे तिच्या अक्षरात आहेच. पण प्रत्येक कागदावर पेन्सिलीने आणखी काही लिहिलेले आहे. एकावर, 'उजवा खांदा पाव खाली.' एकावर, 'हात वर करून विचारावे.' आणि लहान मुलीच्या एका झग्याच्या कागदावर, खालच्या कडेशी, 'माया तीन बोटे, दिवाळीला एक सोडणे.' हस्तपुस्तिकेच्या नव्या मसुद्यात मी 'माया' हा शब्द परत घातला आहे, आणि त्याच्या शेजारी, कंसात नव्हे, वाक्यातच, ती कोठे ठेवावी आणि कोठे ठेवू नये हे लिहिले आहे. मसुदा सध्या शिक्षिकेकडे तपासणीसाठी आहे.